डायलिसिसवरील रुग्णाची रात्र

निवासी शाळेत शिकवणाऱ्या माणसाला झोपेची ओळख निराळ्या रीतीने होते. रात्री दहाच्या घंटेनंतर वसतिगृहाच्या फेरीला निघाले, की कोण गाढ झोपला आहे, कोण नुसताच डोळे मिटून पडला आहे आणि कोण पांघरुणाखाली हुंदके आवरतो आहे, हे श्वासावरून कळू लागते. पंचवीसेक वर्षे ही फेरी घातल्यामुळे न झोपणाऱ्याचे दुःख आपल्याला ओळखता येते, असा माझा समज होता. माझ्या थोरल्या बंधूंच्या बाबतीत तो समज तब्बल दीड वर्ष खोटा ठरला.

दादा उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये राहतात. वीस वर्षांचा मधुमेह आणि त्याच्या सोबतीचा रक्तदाब यांनी त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली व आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांची झोप उडाली. रात्री एकच्या सुमारास ते उठत आणि बॅरेकीच्या बाहेरच्या पडवीत येरझारा घालीत, ते पहिल्या लोकलचा भोंगा ऐकू येईपर्यंत. वहिनींना वाटले, धाकटीच्या लग्नाची काळजी असेल. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कुणाची नजर लागल्याचेही सुचवले, त्याकडे आम्ही अर्थातच लक्ष दिले नाही. परंतु मी तरी काय केले? मी त्यांना आनापानसतीचा सल्ला दिला. दादा दहा मिनिटे बसत आणि चेहरा कसानुसा करून उठत. "माझं मनच दुबळं झालंय गं," असे ते एकदा म्हणाले, आणि मला ते पटले, याची आज लाज वाटते.

पुढे ते चार तासांच्या डायलिसिसमधून अर्धा तास, कधी पाऊण तास आधीच उठू लागले. आणि एके दिवशी वहिनींना म्हणाले, "नको आता ते मशीन." या वाक्याचा अर्थ ज्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे त्या घराला समजावून सांगावा लागत नाही.

कोडे उलगडले ते एका तरुण तंत्रज्ञ मुलीमुळे. दादा खुर्चीवर सारखे पाय झाडत होते. तिने विचारले, "काका, पाय हलवावेसेच वाटतात का? चाललं की बरं वाटतं? आणि दिवसापेक्षा रात्री जास्त?" दादा तिन्ही प्रश्नांना हो म्हणाले. दीड वर्षात हे तीन प्रश्न त्यांना कोणीही विचारले नव्हते, मीही नाही.

आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांचे आईवडील साठी-सत्तरीत आहेत आणि मधुमेह व उच्च रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे आपल्या वस्त्यांत घरोघरी पोहोचली आहेत. मेळाव्याला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी ना कोणी "घरी डायलिसिस चालू आहे" असे सांगतोच. म्हणून स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहिण्याऐवजी हा विषय घेतला. मी इतिहासाची शिक्षिका आहे, वैद्यक हा माझा विषय नव्हे. त्यातील बाजू दादांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून समजून घेतली आहे. सुरुवात मात्र मला इतिहासापासूनच करू द्यावी.

कृत्रिम मूत्रपिंडाचे पहिले उपयोगी यंत्र १९४३ साली नेदरलँड्समधील कांपेन या गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने तयार केले. देश नाझी जर्मनीच्या ताब्यात, साहित्याचा तुटवडा. लाकडी पट्ट्यांचे फिरते पिंप आणि त्याभोवती गुंडाळलेली सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी, असे ते यंत्र होते. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये सोफिया शाफस्टाट ही सदुसष्ट वर्षांची बाई या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. ही बाई नाझींची साथीदार म्हणून कैदेत होती व गावातल्या पुष्कळांना ती मेलेली हवी होती. कोल्फ यांनी तिचे रक्त शुद्ध करताना तिची बाजू विचारात घेतली नाही. करुणा शिकवताना मी वर्गात हे उदाहरण देते.

याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेतील सिएटलचे आहे. १९६० मध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहू शकेल अशी टेफ्लॉनची नळी बसवली, त्यामुळे डायलिसिस एकदोनदा नव्हे, तर वर्षानुवर्षे करता येऊ लागले. पण यंत्रे मोजकी आणि रुग्ण अनेक. मग यंत्र कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी सामान्य नागरिकांची एक समिती नेमली गेली. १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकाने तिची हकीकत छापली तेव्हा जगाला कळले, की उमेदवार विवाहित आहे का, मिळकत किती, शिक्षण किती, चर्चला जातो का, अशा गोष्टी जगण्याच्या पात्रतेसाठी तपासल्या जात होत्या. माणसाची किंमत त्याच्या सामाजिक स्थानावरून ठरवणारी समिती कशी असते, हे आपल्या समाजाला सिएटलहून शिकण्याची गरज नाही. तरीही हा प्रसंग लक्षात ठेवावा. अमेरिकेने पुढे १९७२ मध्ये कायदा करून या रुग्णांच्या उपचारांचा भार शासनाकडे घेतला.

महाराष्ट्रात डायलिसिस हा शब्द सर्वसामान्यांच्या कानी पडला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीतील स्थानबद्धतेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९७५ च्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. हे रुग्णालय सिंधी दानशूर लोकूमल चनराय यांनी उभारलेले आणि १९७३ मध्ये खुद्द इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेले, असा इतिहासाचा योगायोग. जयप्रकाशांच्या डायलिसिस यंत्रासाठी लोकांनी वर्गणी जमवली. पंतप्रधान निधीतून आलेले नव्वद हजार रुपये त्यांनी परत केले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे ते यंत्राच्या आधाराने जगले आणि याच काळात जनता पक्षाचा उदय त्यांनी घडवला.

तेव्हा एका राष्ट्रीय नेत्यासाठी देशभर वर्गणी गोळा करावी लागत होती. आज महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. यंत्र मिळेल का, हा प्रश्न पूर्ण सुटलेला नसला तरी त्याची धार कमी झाली आहे. जीव वाचतो की नाही अशी अवस्था असते तोवर झोपेचे कोण विचारणार? ती विचारणा जीव वाचल्यानंतरची आहे, आणि आता ती करण्याची वेळ आली आहे.

आठवड्याचे तास १६८. निरोगी मूत्रपिंडे ते सगळे तास काम करतात. तीन वेळा चार-चार तास डायलिसिस घेणाऱ्याचे रक्त त्यातले १२ तासच शुद्ध होत असते, उरलेले १५६ तास मीठ, पाणी, फॉस्फरस आणि कितीतरी टाकाऊ द्रव्ये शरीरात साठत जातात. शिवाय रात्र झाल्याची खूण मेंदूला देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक या रुग्णांत रात्री पुरेसे वाढत नाही. त्यामुळे डायलिसिसवरील निम्म्याहून अधिक रुग्णांना झोपेची काही ना काही तक्रार असते, असे वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांत आढळते. पोटाच्या डायलिसिसवर असलेलेही याला अपवाद नाहीत.

दादांच्या दुखण्याला वैद्यकात अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात. पोटऱ्यांत आतून ओढ लागते, मुंग्या चालल्यासारखे होते, पाय शिवशिवतात. प्रत्येक जण त्याचे वर्णन निराळे करतो, पुष्कळांना ते करताच येत नाही, आणि म्हणून ऐकणाऱ्याला ते बहाण्यासारखे वाटते. खूण मात्र पक्की आहे. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते, ती बसल्यावर किंवा पडल्यावर होते, हालचाल केली की तेवढ्यापुरती शमते आणि संध्याकाळ-रात्री वाढते. पायात गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि कळ मारते. इथे स्नायू मऊच असतो. मधुमेहाने नसा बिघडल्या तर तळपायांची आग होते, बधिरपणा येतो, पण तो दिवसाही राहतो आणि चालल्याने जात नाही. दादांना मधुमेह असल्यामुळे सगळे खापर नसांवर फोडले गेले होते.

शांत बसून श्वासाकडे लक्ष देण्याचा माझा सल्ला त्यांना का छळत होता, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. ज्या आजारात स्थिर बसणे हीच यातना, त्याच्या रुग्णाला मी स्थिर बसवत होते. डायलिसिसची खुर्ची म्हणजे तर चार तासांची सक्तीची स्थिरता. अशा रुग्णाने वेळेआधी उठणे हा हट्ट नसतो. पण उठल्याने रक्त अपुरे शुद्ध होते, पाणी मागे राहते आणि पुढची रात्र आणखी वाईट जाते.

या विकाराचा लोहाशी जवळचा संबंध आहे. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य तयार होण्यासाठी लोह लागते. डायलिसिसमध्ये दर वेळी नळ्यांत थोडे रक्त राहते, वारंवार तपासण्यांसाठी रक्त काढले जाते आणि शरीरातील लोहाचा साठा उतरत जातो. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा कमी असू शकतो, त्यासाठी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या वेगळ्या तपासण्या आहेत. कमतरता आढळल्यास डायलिसिसच्या वेळीच शिरेतून लोह देता येते. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाल्यावर पुष्कळांचे पाय शांत होतात, हेही लक्षणीय आहे.

एक विपर्यास येथे सांगितला पाहिजे. या रुग्णांना अंगाला खाजही फार सुटते, विशेषतः रात्री, आणि तीही झोप मोडते. रक्तातील वाढलेला फॉस्फरस आणि कोरडी त्वचा ही त्याची नेहमीची कारणे. खाजेसाठी घरोघरी गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळी घेतली जाते. यातील काही गोळ्या आणि मळमळ थांबवणारे मेटोक्लोप्रमाइडसारखे औषध अस्वस्थ पायांचा विकार वाढवतात. म्हणजे खाज शमावी म्हणून घेतलेली गोळी पाय पेटवते. दादांचे असेच चालले होते, आणि ती गोळी कुठल्याच कागदावर नव्हती, कारण ती वहिनींच्या डब्यातली होती. खाजेसाठी फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणासोबतच घेणे, कढत पाण्याची अंघोळ टाळणे, अंगाला खोबरेल किंवा साधे मलम लावणे, इतके तरी घरी होऊ शकते. पुढचे डॉक्टर पाहतील.

उलट प्रकारची चूकही घडते. याच विकारावर गॅबापेंटिन नावाचे औषध उपयोगी पडते, परंतु ते शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचेच असल्याने डायलिसिसच्या रुग्णाला अगदी अल्प मात्रेत, बहुधा डायलिसिसनंतर, देतात. शेजाऱ्याच्या कंबरदुखीची तीच गोळी त्याच्या मात्रेत घेतली तर माणूस बरळतो, झोकांड्या देतो, पडतो. औषधे उसनी घेण्याची आपल्या वस्त्यांतील रीत प्रेमाची खरी, पण येथे ती जिवावर बेतू शकते.

दुसरा मोठा विकार म्हणजे झोपेत श्वास अडकणे. दादांच्या शेजारच्या खुर्चीवर येणारे गृहस्थ अंगाने किरकोळ, तरी घोरणे असे की भिंतीपलीकडे ऐकू जावे. घोरता घोरता एकदम शांतता, मग गुदमरल्यासारखा आचका, पुन्हा घोरणे. त्यांच्या पत्नीने हे मोबाइलमध्ये टिपून डॉक्टरांना ऐकवले, तेव्हा झोपेची तपासणी झाली. हा विकार केवळ लठ्ठ माणसांचा, हा समज डायलिसिसच्या रुग्णांना लागू पडत नाही. दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर वर सरकते, गळ्याभोवतीच्या भागाला सूज आणते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. शिवाय रक्तातील टाकाऊ द्रव्यांमुळे श्वासाची लय राखणारी यंत्रणाही बिघडते. सकाळी डोके जड, तोंड कोरडे, दिवसा पेंग, ही लक्षणे आणि हृदयावर ताण.

कॅनडातील टोरोंटो येथे हॅन्ली आणि पियेराटोस या डॉक्टरांनी १४ रुग्णांचा अभ्यास करून २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. नेहमीचे आठवड्यातून तीन वेळांचे डायलिसिस बदलून त्या रुग्णांना घरी, झोपेत, रात्रभर चालणारे डायलिसिस देण्यात आले. झोपेत श्वास अडकण्याचे प्रमाण सरासरी ताशी २५ वरून ८ वर आले. अशी सोय आपल्या आवाक्यात नाही. परंतु त्यातून कळते ते असे, की रक्त जितके पुरेसे शुद्ध होईल आणि पाणी जितके कमी साठेल, तितका श्वास मोकळा होतो. डायलिसिसची पूर्ण वेळ भरणे आणि मीठ आवरणे हे त्याच दिशेचे, आपल्या हातातले प्रयत्न आहेत.

मिठाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण घरातील भांडणे यावरूनच होतात. लोक रुग्णाच्या पाण्याच्या तांब्यावर पहारा ठेवतात आणि ताटातल्या मिठाकडे पाहत नाहीत. साधारण आठ-नऊ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवते. मीठ गेले की तहान लागणारच, मग दटावून काय उपयोग? आमच्या कॅम्पात सिंधी शेजाऱ्यांकडे गेले, की प्रथम पापड आणि पाणी पुढे येते. डायलिसिसच्या रुग्णाला नेमके हेच दोन्ही वर्ज्य. आपल्याकडे सुकट, बोंबील, लोणचे, शेंगदाण्याची झणझणीत चटणी. सुकटीचा वास आला की दादांचा चेहरा लहान मुलासारखा होतो, आणि वहिनींना कठोर व्हावे लागते. हे दुःख कोणत्याही आहारतक्त्यात छापलेले नसते. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढणारे वजन म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. ते फार वाढले तर आडवे पडल्यावर दम लागतो आणि रुग्ण उशांना टेकून बसून रात्र काढतो. असा दम लागणे ही झोपेची तक्रार समजू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

झोपेच्या गोळीचे काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. श्वास अडकण्याचा विकार असताना गुंगीची गोळी घेणे धोक्याचे, मद्यही तसेच. आणि याच सिएटलमध्ये, जोडीला अल्बुकर्की शहरात, झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. निद्रानाश असलेल्या सव्वाशेच्या आसपास डायलिसिस रुग्णांपैकी काहींना ट्राझोडोन हे औषध, काहींना दूरसंवादाने झोपेविषयीचे समुपदेशन आणि काहींना निव्वळ पोकळ गोळी दिली. ना औषध, ना समुपदेशन, काहीच पोकळ गोळीहून सरस ठरले नाही. औषध घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम मात्र अधिक दिसले, विशेषतः हृदयाचे. म्हणून माझे मत असे झाले आहे, की "झोप येत नाही" ही तक्रार घेऊन गोळी मागण्यापेक्षा पाय, श्वास, खाज, दम, दिवसाची डुलकी आणि मनातली भीती यांपैकी नेमके काय जागवते, ते आधी शोधावे. दिवसाची डुलकी मी मुद्दाम म्हटले. खुर्चीवर चार तास आणि घरी परतल्यावर दोन तास झोपलेल्या माणसाकडून रात्रीच्या झोपेची अपेक्षा धरता येत नाही.

आता आपल्या समाजापुरते थोडेसे. आपण जागरणाचा गौरव करणारे लोक आहोत, आणि त्याला कारण आहे. बाबासाहेब रात्र रात्र वाचत बसत, हे सांगूनच आम्ही तुम्हाला अभ्यासाला बसवले. परंतु त्याच बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते, पायांच्या नसांच्या वेदना होत्या आणि झोप लागत नसे, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्या निष्ठेचे जागरण आणि त्यांच्या आजाराचे जागरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा गौरव करण्यासारखे काही नाही.

धम्माच्या नावानेही एक गैरसमज पसरतो. हत्थक आळवक याने तथागतांना विचारले होते, की हिवाळ्याच्या रात्री, कठीण जमिनीवर, पातळ पानांच्या अंथरुणावर आपल्याला झोप लागली का? तथागतांनी होकार दिला आणि लोभ, द्वेष व मोह यांनी जळणारा माणूस उंची शय्येवरही सुखाने झोपत नाही, असा आशय मांडला. यावरून झोप न येणारा तो मलिन मनाचा, असा उलटा निष्कर्ष काही जण काढतात. तो तर्काने टिकत नाही आणि आजारी माणसावर अन्याय करतो. मला विनयपिटकातील दुसरा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, आणि पुढे शुश्रूषेस सोपा रुग्ण कोणता हे सांगताना, जो आपला आजार वाढला असता वाढला म्हणून आणि उतरला असता उतरला म्हणून शुश्रूषा करणाऱ्याला जसाच्या तसा सांगतो, हेही एक लक्षण सांगितले. सांगणाऱ्याला ऐकणारा मिळायला हवा, ही त्यातली न सांगितलेली अट आहे. दादांनी सांगितले होते, "मनच दुबळं झालंय." मी ऐकले नव्हते, मान्य केले होते.

तपासणीत दादांचे लोह खूपच कमी निघाले. शिरेतून लोह देण्यात आले, खाजेची गोळी बदलली, संध्याकाळचा चहा बंद झाला आणि डायलिसिसनंतर घेण्याची एक लहान गोळी सुरू झाली. पाच-सहा आठवड्यांनी फरक पडू लागला. विकार समूळ गेलेला नाही, पावसाळी रात्री अजूनही ते कधीकधी पडवीत दिसतात. पण आता ते खुर्चीवर पूर्ण चार तास बसतात, आणि मशीन नको हे वाक्य पुन्हा निघालेले नाही.

वहिनींनी आपल्या शाळेची एक जुनी शंभर पानी वही घेतली आहे. तारीख, आदल्या आणि आजच्या डायलिसिसमध्ये वाढलेले वजन, किती वाजता पडले, किती वेळा उठले, पाय, खाज, घोरणे, दिवसाची झोप, असे रकाने त्यांनी पट्टीने आखले आहेत. वहिनींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. डॉक्टर दर महिन्याला ती वही मागून घेतात आणि फायलीच्या आधी ती वाचतात. परवा मी ती चाळली. आषाढ पौर्णिमेच्या रात्रीपुढे पायांच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते, "गप होते." आणि उठण्याच्या रकान्यात, "एकदा. पाऊस बघायला."